वर्गणीचा कॉन्चेर्टो

२७ जानेवारी १८५९. लाइपझिगच्या गेवांटहाउस सभागृहात पंचवीस वर्षांचा योहानेस ब्राम्स आपल्या पहिल्या पियानो कॉन्चेर्टोचे, म्हणजे एकल पियानो आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेचे, अखेरचे स्वर वाजवून थांबला. मोजक्या लोकांनी टाळ्यांसाठी हात उचलले, तोच चहूकडून फूत्कार सुरू झाले आणि ते हात जागच्या जागी थबकले. ज्या शहराच्या पसंतीवर त्या काळी जर्मन संगीतकाराचे नाव होत असे किंवा बुडत असे, त्या शहराने तरुण ब्राम्सला उघडउघड नाकारले होते.

त्याच्या आधी पाचच दिवस, २२ जानेवारीला, हीच रचना हॅनोव्हरमध्ये झाली होती. तेव्हा वाद्यवृंदापुढे ब्राम्सचा जिवलग मित्र योझेफ योआखिम उभा होता आणि श्रोत्यांनी ती शांतपणे, आदराने ऐकून घेतली होती. लाइपझिगनंतर दोन महिन्यांनी ब्राम्सने ती आपल्या जन्मगावी, हॅम्बुर्गला नेली. तिथे तिचे मनापासून स्वागत झाले. तीन गावे, तीन निकाल. आज जगातल्या बहुतेक मोठ्या पियानोवादकांच्या संग्रहात हा कॉन्चेर्टो आहे. पण ब्राम्सपाशी लाइपझिगचे एकच आमंत्रण असते, तर हस्तलिखित पेटीत गेले असते आणि तिथून ते कधी बाहेर आले असते हे कोणी सांगावे?

नव्या रचनेची खरी परीक्षा पहिल्या रात्री होत नाही. पहिल्या रात्री कुतूहल असते, रचनाकार सभागृहात असतो, वर्तमानपत्रांचे समीक्षक असतात. अडचण असते ती दुसऱ्या प्रयोगाची. तो कोण करणार, कुठे, आणि कशासाठी? पुढील पानांमध्ये ज्या व्यवस्थेची ओळख वाचकाला होणार आहे, ती या प्रश्नाचे एक व्यवहारी उत्तर आहे. अनेक वाद्यवृंद एकत्र येतात, खर्च वाटून घेतात, पियानो आणि वाद्यवृंदासाठी एक नवी रचना लिहवून घेतात, आणि प्रत्येक जण ती आपापल्या गावी वाजवण्याचे आधीच कबूल करतो. पहिला स्वर कागदावर उतरण्याआधी दुसरा, तिसरा, चौथा प्रयोग ठरलेला असतो.

इंग्रजीत या पद्धतीला ‘को-कमिशन’ म्हणतात. मराठीत ‘कमिशन’ म्हटले की दलाली आठवते, म्हणून अर्थ आधीच स्पष्ट केलेला बरा. इथे कमिशन म्हणजे रचनाकाराला बिदागी ठरवून देणे आणि अमुक वाद्यांसाठी, साधारण इतक्या मिनिटांची, अमुक तारखेपर्यंत रचना लिहून मागणे. ही बिदागी एकाने दिली तर तो आश्रयदाता. अनेकांनी मिळून दिली तर ती सरळसरळ वर्गणी, आणि मराठी माणसाला वर्गणी समजावून सांगायची गरज नाही. गणपतीच्या मांडवापासून जुन्या ग्रंथांच्या आगाऊ ग्राहकांपर्यंत कितीतरी गोष्टी आपल्याकडे तिच्यावरच उभ्या राहिल्या.

पियानो कॉन्चेर्टोचे वर्गणीशी नाते तर जन्मापासूनचे आहे. मार्च १७८४ मध्ये मोझार्टने व्हिएन्नाच्या ट्रॅटनरहोफमध्ये लागोपाठ तीन बुधवारी मैफली केल्या. त्यांसाठी त्याने आगाऊ वर्गणीदार गोळा केले होते. २० मार्चच्या पत्रात त्याने वडिलांना या वर्गणीदारांची पूर्ण यादीच पाठवली. त्या यादीत १७४ नावे होती: सरदार, मुत्सद्दी, बडे अधिकारी, व्यापारी. त्या हंगामात त्याने एकामागून एक नवे पियानो कॉन्चेर्टो लिहिले, कारण ते ऐकायला आलेल्या माणसांनी पैसे आधीच मोजले होते.

पंचवीस वर्षांनी, १८०९ साली, त्याच व्हिएन्नात आणखी मोठी वर्गणी झाली. बेथोव्हेनला कासेलच्या दरबारातून नोकरीचे बोलावणे आले होते आणि तो शहर सोडून जाण्याची चिन्हे होती. तेव्हा आर्चड्यूक रुडॉल्फ, प्रिन्स लॉब्कोविट्झ आणि प्रिन्स किन्स्की या तिघांनी लेखी करार करून त्याला वर्षाला ४,००० गुल्डन देण्याचे मान्य केले. किन्स्कीचे १,८००, रुडॉल्फचे १,५००, लॉब्कोविट्झचे ७००. अट एकच: बेथोव्हेनने व्हिएन्नात राहावे. ‘एम्परर’ नावाने ओळखला जाणारा त्याचा पाचवा पियानो कॉन्चेर्टो त्याच वर्षातला. तो त्याने रुडॉल्फला अर्पण केला. वर्गणीचे दुखणेही लगेच दिसले. १८११ मध्ये ऑस्ट्रियाच्या चलनाची किंमत कोसळली, १८१२ मध्ये किन्स्की घोड्यावरून पडून मरण पावला, लॉब्कोविट्झचे दिवाळे निघाले, आणि बेथोव्हेनला आपल्या हक्काच्या पैशांसाठी वर्षानुवर्षे खेटे घालावे लागले. तरीही तिघांपैकी दोन खांब डगमगले म्हणून सगळे घर कोसळले नाही.

एकाच खांबावर उभ्या राहिलेल्या घराची गोष्टही सांगायला हवी. तत्त्वज्ञ लुडविग विट्गेनश्टाइनचा थोरला भाऊ पाउल पियानोवादक होता. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीलाच, १९१४ मध्ये, त्याचा उजवा हात गेला. मैफली सोडायच्या नाहीत असे त्याने ठरवले. घरची प्रचंड श्रीमंती होती. तिच्या बळावर त्याने त्या काळातल्या मातब्बर रचनाकारांकडून फक्त डाव्या हातासाठी कॉन्चेर्टो लिहवून घेतले. राव्हेल, प्रोकोफिएव्ह, हिंडेमिथ, रिचर्ड श्ट्राउस, कॉर्नगोल्ड, ब्रिटन ही त्यांतली काही नावे. कोणालाही हेवा वाटावा अशी ही यादी आहे. पण रचना विकत घेणारा एकटाच असल्यामुळे तिचे दारही त्याच्याच हाती होते. राव्हेलचा कॉन्चेर्टो त्याने १९३२ मध्ये व्हिएन्नात वाजवला, मात्र मनाप्रमाणे बदल करून, आणि राव्हेल त्यामुळे संतापला. १९३१ मध्ये पूर्ण झालेला प्रोकोफिएव्हचा चौथा कॉन्चेर्टो त्याने कधी वाजवलाच नाही. तो पहिल्यांदा ऐकू आला सप्टेंबर १९५६ मध्ये, बर्लिनला. प्रोकोफिएव्हला जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. हिंडेमिथची १९२३ सालची रचना तर विट्गेनश्टाइनच्या कागदपत्रांत पडून राहिली. त्याच्या पत्नीच्या निधनानंतर ती सापडली आणि डिसेंबर २००४ मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर लिऑन फ्लायशरने ती प्रथम वाजवली. ऐंशी वर्षांहून अधिक काळ एक पूर्ण झालेली रचना कोणाच्याही कानांवर पडली नव्हती.

त्यात विट्गेनश्टाइनचा दुष्टावा होता असे नाही. त्याच्या उरलेल्या एका हातासाठी इतके संगीत निर्माण झाले, याबद्दल जगाने त्याचे ऋणीच राहावे. मात्र एकाच माणसाच्या आवडीनिवडीवर, आयुष्यावर आणि घरातल्या कपाटावर संगीताचे भवितव्य टांगलेले असले की काय होते, ते या गोष्टीत लख्ख दिसते. आश्रयदाता जितका एकटा, तितके रचनेचे दार अरुंद.

विसाव्या शतकात राजपुत्र आणि कारखानदार मागे सरले आणि त्यांच्या जागी वाद्यवृंद आले. आपल्या सभागृहात, आपल्या नावावर नवी रचना प्रथम वाजावी ही मोठ्या वाद्यवृंदांची प्रतिष्ठेची बाब झाली. १९२५ मध्ये वॉल्टर डॅमरॉशने न्यूयॉर्क सिम्फनीसाठी जॉर्ज गर्श्विनकडून पियानो कॉन्चेर्टो मागितला, आणि ३ डिसेंबरला कार्नेगी हॉलमध्ये गर्श्विनने तो स्वतः वाजवला. ‘कॉन्चेर्टो इन एफ’ टिकला. पण अशा प्रतिष्ठेच्या पहिल्या रात्रींनंतर न टिकलेल्या रचनांची संख्या कितीतरी मोठी आहे. ‘जगातला पहिला प्रयोग’ हे शब्द जाहिरातीत शोभतात. दुसरा प्रयोग करणाऱ्या वाद्यवृंदाला असे शब्द मिळत नाहीत, बातमी मिळत नाही, कष्ट मात्र पहिल्याइतकेच पडतात. अशाने नवे संगीत पहिल्याच रात्री म्हातारे होऊ लागले.

एकत्र वर्गणी काढण्याची पद्धत नेमकी इथे उपयोगी पडते. ती कशी चालते ते जरा जवळून पाहू. एक वाद्यवृंद पुढाकार घेतो आणि बाकीचे भागीदार होतात. बिदागीतला प्रत्येकाचा वाटा सारखा असेलच असे नाही. मोठा वाटा उचलणाऱ्याला साधारणपणे पहिला प्रयोग मिळतो. इतरांनाही आपापला ‘पहिला’ मिळतो: कोणाला युरोपातला पहिला, कोणाला ब्रिटनमधला पहिला, कोणाला अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा पहिला. वरवर हा मानापानाचा खेळ वाटतो. प्रत्यक्षात त्यामुळे दुसऱ्या प्रयोगालाही पहिल्याचा मान चिकटतो आणि त्याची बातमी होते. करारात रचनेची लांबी, वाद्यांची संख्या आणि संहिता हाती देण्याची तारीख लिहिलेली असते. ठरावीक काळापर्यंत भागीदारांखेरीज कोणी ती वाजवू नये, असेही अनेकदा ठरते. छापील संहितेच्या पहिल्या पानावर सर्व भागीदारांची नावे येतात, आणि ती रचना जितकी वर्षे वाजेल तितकी वर्षे तिथेच राहतात.

या शिस्तीचे मोल कळण्यासाठी एका जुन्या मैफलीची आठवण पुरेल. ५ एप्रिल १८०३ रोजी व्हिएन्नाच्या थिएटर आन डेर वीनमध्ये बेथोव्हेनने आपला तिसरा पियानो कॉन्चेर्टो पहिल्यांदा वाजवला. पाने उलटण्यासाठी त्याने इग्नाझ फॉन झाइफ्रीडला शेजारी बसवले. झाइफ्रीडने पुढे लिहून ठेवले आहे की बहुतेक पाने जवळजवळ कोरी होती. कुठेतरी चार खुणा केलेल्या, आणि त्याही बेथोव्हेनखेरीज कोणाला न समजणाऱ्या. बेथोव्हेन डोळ्याने इशारा करी, झाइफ्रीड धडधडत्या छातीने कोरे पान उलटी. वादक आणि रचनाकार एकच माणूस असल्याने त्या रात्री निभावले. आज तोच कॉन्चेर्टो पाच देशांतल्या पाच वाद्यवृंदांना वाजवायचा असता, तर? प्रत्येकाच्या ग्रंथपालाला संहिता आणि प्रत्येक वाद्याचे सुटे भाग महिनोन्‌महिने आधी लागतात. संचालकाला अभ्यास करायचा असतो, पियानोवादकाला पाठ करायचे असते, आणि तालमी असतात मोजून तीन-चार. रचनाकाराच्या डोक्यात असलेले सगळे कागदावर उतरल्याशिवाय भागीदारीचे गाडे हलतच नाही.

भागीदारी किती पसरू शकते याचे सर्वांत मोठे उदाहरण अमेरिकेतले आहे, आणि ते पियानोचे नसले तरी या विषयाच्या मुळाशी आहे. २००५ ते २००७ या काळात अमेरिकेच्या पन्नासही राज्यांतल्या ६५ वाद्यवृंदांनी मिळून जोन टॉवर या रचनाकार बाईंकडून ‘मेड इन अमेरिका’ ही रचना लिहवून घेतली. हे न्यूयॉर्क किंवा शिकागोचे बलाढ्य वाद्यवृंद नव्हते. ते होते लहान गावांचे, तुटपुंज्या अंदाजपत्रकांचे, आणि त्यांतल्या अनेकांना नामवंत रचनाकाराची बिदागी एकट्याने देणे स्वप्नातही शक्य नव्हते. फोर्ड मोटर कंपनीच्या निधीने पाठबळ दिले. पहिला प्रयोग ऑक्टोबर २००५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ग्लेन्स फॉल्स या छोट्या गावाच्या वाद्यवृंदाने केला. पुढे नॅशव्हिल सिम्फनीने लिओनर्ड स्लॅटकिनच्या संचालनाखाली केलेल्या ध्वनिमुद्रणाला २००८ मध्ये ग्रॅमी मिळाले. एरवी ज्या गावांत नवी रचना पोचायला दशके लागली असती, तिथे ती जवळजवळ एकाच वेळी पोचली.

पियानो कॉन्चेर्टो या पद्धतीला विशेष मानवतो, आणि त्याचे कारण एकल वादक. सिम्फनीला स्वतःचे पाय नसतात. कोणीतरी संचालक ती उचलून नेईल तेव्हाच ती दुसऱ्या गावी जाते. कॉन्चेर्टो मात्र वादकाच्या बोटांत बसून प्रवास करतो. एका पियानोवादकाने तो पाठ केला की गावोगावी वाद्यवृंद बदलतात, मधला माणूस तोच राहतो. पहिल्या गावी अवघड वाटलेली जागा तिसऱ्या गावी सोपी होते, पाचव्या गावी तिच्यात अर्थ भरतो. फिनलंडचे रचनाकार एसा-पेक्का सालोनेन यांचा पियानो कॉन्चेर्टो असाच वाटला गेला. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर बीबीसी, हॅम्बुर्गची एनडीआर आणि रेडिओ फ्रान्स या तीन प्रसारण संस्था भागीदार झाल्या. १ फेब्रुवारी २००७ रोजी न्यूयॉर्कला येफिम ब्रॉन्फमनने तो वाजवला, संचालन स्वतः सालोनेन यांचे. त्यानंतर पुढच्याच वर्षी, ११ डिसेंबर २००८ रोजी, कार्नेगी हॉलमध्ये एक विलक्षण संध्याकाळ झाली. बॉस्टन सिम्फनी आणि बर्लिनची श्टाट्‌सकापेले यांनी मिळून एलियट कार्टर यांच्याकडून ‘इंटरव्हेन्शन्स’ ही पियानो आणि वाद्यवृंदाची रचना लिहवून घेतली होती. पियानोवर डॅनिएल बारेनबॉइम, संचालक जेम्स लिव्हाइन. आणि श्रोत्यांत स्वतः कार्टर, त्याच दिवशी बरोबर शंभर वर्षांचे झालेले.

या सर्व प्रयत्नांत सर्वांत विचारपूर्वक आखलेला उपक्रम अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात जन्मला. सेंट पॉल चेंबर ऑर्केस्ट्रा हा १९५९ मध्ये स्थापन झालेला लहान वाद्यवृंद. त्याने पियानोवादक जोनाथन बिस याच्या साथीने एक योजना हाती घेतली आणि तिला ‘बेथोव्हेन/५’ असे नाव दिले. बेथोव्हेनचे पाच पियानो कॉन्चेर्टो आहेत. त्यांतला एकेक कॉन्चेर्टो एकेका आजच्या रचनाकाराच्या हाती द्यायचा आणि त्याला प्रतिसाद म्हणून नवा कॉन्चेर्टो मागायचा. मैफलीत दोन्ही शेजारीशेजारी वाजवायचे. इतर वाद्यवृंदही भागीदार होतील, म्हणजे पाचही रचना सेंट पॉलमध्ये अडकून पडणार नाहीत.

जोनाथन बिसला ही कल्पना का रुचावी, हे त्याच्या घराकडे पाहिले की उमगते. १९८० साली जन्मलेला बिस संगीतकारांच्या घराण्यातला. आई मिरियम फ्रीड व्हायोलिनवादक, आजी राया गार्बूसोव्हा चेलोवादक. सॅम्युएल बार्बर याने १९४५ मध्ये लिहिलेला चेलो कॉन्चेर्टो तिच्यासाठीच होता. कोणीतरी खास तुमच्यासाठी रचना लिहावी आणि तुमच्या हातांची ठेवण तिच्यात कायमची उमटावी, म्हणजे काय, ते बिसच्या घराला आधीपासून ठाऊक होते.

पहिली रचना आली २०१५ मध्ये, तेव्हा तिशीत असलेल्या टिमो आंद्रेसची. त्याच्या वाट्याला बेथोव्हेनचा दुसरा कॉन्चेर्टो आला होता. त्या कॉन्चेर्टोत एक नवल आहे. मूळ रचना बेथोव्हेनच्या तरुणपणातली, मोझार्टच्या सावलीत वाढलेली, हसरी. पण तिच्या पहिल्या भागातला ‘कॅडेन्झा’, म्हणजे वाद्यवृंद थांबून पियानो एकटाच बोलतो ती जागा, बेथोव्हेनने लिहून काढली ती बऱ्याच वर्षांनी, १८०९ च्या सुमारास. तोवर तो निराळाच माणूस झाला होता. परिणामी एका प्रसन्न तरुणाच्या गोष्टीत मध्येच एक प्रौढ, करारी आवाज घुसतो, आपले म्हणणे मांडतो, आणि नंतर गोष्ट पुन्हा तरुणाकडे जाते. आंद्रेसला ही फट आवडली. आपला कॉन्चेर्टो त्याने त्या फटीतूनच उगवू दिला.

आंद्रेसच्या रचनेचे नाव ‘द ब्लाइंड बॅनिस्टर’, म्हणजे आंधळा कठडा. स्वीडिश कवी टोमास ट्रान्स्ट्रोमर यांच्या शूबर्टवरच्या कवितेतून ते घेतले आहे. अंधारात जिना उतरताना हाताला लागणारा, स्वतः न बघता वाट दाखवणारा कठडा. रचनेची सुरुवातही जिना उतरल्यासारखीच होते. पियानो एकटा, सावकाश, एक अवरोह घेतो. त्याच्या पाठोपाठ, जरा मागे राहून, दुसरा आवाज तोच अवरोह घेतो. दोघांची पावले जुळत नाहीत, त्यामुळे प्रत्येक पायरीवर लगतचे दोन स्वर क्षणभर एकमेकांवर घासतात आणि सुटतात. आपल्याकडे रागाचा आरोह-अवरोह शिकणाऱ्या कोणाही विद्यार्थ्याने तानपुऱ्याच्या स्वराला खेटून लागलेला कोमल रिषभ ऐकला असेल, तर ते घासणे त्याच्या कानाला लगेच ओळखीचे वाटेल. याच साध्या उतरणीतून पुढे सगळी रचना उभी राहते. २०१६ मध्ये ती पुलित्झर पारितोषिकाच्या अंतिम यादीत होती.

ट्रान्स्ट्रोमर यांच्या नावामुळे आणखी एक धागा जुळतो. १९९० मध्ये पक्षाघाताने त्यांचा उजवा हात निकामी झाला. त्यानंतरही ते पियानो वाजवत राहिले, फक्त डाव्या हाताने. पाउल विट्गेनश्टाइनसारख्या वादकांसाठी लिहिल्या गेलेल्या संगीताचा ठेवा कित्येक दशकांनी असा कुठल्या कुठे उपयोगी पडला.

उरलेल्या चार रचनाही चार दिशांच्या आहेत. पहिल्या कॉन्चेर्टोला प्रतिसाद म्हणून सॅली बीमिश यांनी ‘सिटी स्टान्झाज’ लिहिली. चौथ्यासाठी सिसिलीचे साल्वातोरे शारिनो यांनी ‘इल सोन्यो दी स्ट्राडेल्ला’ लिहिली, म्हणजे सतराव्या शतकात खून झालेल्या आलेस्सांद्रो स्ट्राडेल्ला या रचनाकाराचे स्वप्न. तिसऱ्यासाठी कॅरोलाइन शॉ यांची ‘वॉटरमार्क’ २०१९ मध्ये आली. पाचव्यासाठी ब्रेट डीन यांनी ‘ग्नाइक्सेनडोर्फर म्युझीक’ लिहिली. ग्नाइक्सेनडोर्फ हे बेथोव्हेनच्या भावाचे खेडे. १८२६ च्या अखेरीस तिथून कडाक्याच्या थंडीत व्हिएन्नाला परतताना बेथोव्हेन आजारी पडला, आणि त्या दुखण्यातून तो उठला नाही. तरुणपणाच्या दुसऱ्या कॉन्चेर्टोपासून या शेवटच्या प्रवासापर्यंत सगळे आयुष्यच या पाच रचनांत येऊन जाते.

डीन यांची रचना फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमला, स्वीडिश रेडिओ सिम्फनीबरोबर, पहिल्यांदा वाजली. महिनाभरात जगातली सभागृहे बंद झाली. त्या वर्षी कितीतरी नव्या रचनांचे पहिले प्रयोग पुढे ढकलले गेले. ज्या रचनांमागे एकाहून अधिक वाद्यवृंदांची नावे आणि करार होते, त्यांना निदान परतण्यासाठी घरे तरी होती.

या पद्धतीचे प्रश्न झाकून ठेवण्यात अर्थ नाही. अनेकांना पसंत पडेल असा रचनाकार निवडायचा म्हटले की पुन्हापुन्हा तीच दहा-वीस नावे समोर येतात. सर्वांत लहान भागीदाराला परवडतील एवढीच वाद्ये वापरायची, मध्यंतरापूर्वी बसेल इतकीच, वीस-पंचवीस मिनिटांची लांबी ठेवायची, अशा अटींनी रचनाकाराचे हात बांधले जातात. भागीदारांची फेरी संपली की शांतता तेव्हाही येते, फक्त दोन वर्षे उशिरा. या शांततेवर उपाय एकच: मूळ वादकाव्यतिरिक्त दुसऱ्या कोणीतरी ती रचना उचलणे. ‘द ब्लाइंड बॅनिस्टर’च्या बाबतीत ते घडले. खुद्द आंद्रेसने मेट्रोपोलिस आन्साम्ब्लबरोबर ती वाजवून ध्वनिमुद्रित केली आणि ते ध्वनिमुद्रण २०२४ मध्ये प्रकाशित झाले. ज्या हातांसाठी ती लिहिली होती, त्यांच्याबाहेर ती पडली.

मुंबईशी या विषयाचे नाते अजून कोवळे आहे, पण खरे आहे. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये २००६ साली खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव यांनी सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा केला. या वाद्यवृंदाने माहीमला वाढलेल्या उस्ताद झाकिर हुसेन यांच्याकडून तबला आणि वाद्यवृंदासाठी ‘पेशकार’ हा कॉन्चेर्टो लिहवून घेतला, आणि २०१५ मध्ये तो मुंबईत प्रथम वाजला. तबल्याचा पेशकार कागदावर बघून वाजवायची आपली रीत नाही. समोरच्या सत्तर-ऐंशी वादकांना मात्र प्रत्येक मात्रा लिहून हवी होती. पुढे वाद्यवृंदाने तो स्वित्झर्लंडच्या आणि ब्रिटनच्या दौऱ्यांवर नेला. वर्गणीदार एकच होता, तरी रचना वादकाच्या पाठीवर बसून समुद्रापार गेली. उस्ताद डिसेंबर २०२४ मध्ये गेले. आता तो कॉन्चेर्टो दुसऱ्या कोणाच्या हातांत जातो का, हा प्रश्न मुंबईचा आहे, आणि पुढील पानांतल्या सगळ्या गोष्टी त्या प्रश्नाशी येऊन मिळतात.

एक शेवटची गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी. बहुतेक नव्या रचनांचे वाद्यवार सुटे भाग विकत मिळत नाहीत. प्रकाशक ते भाड्याने देतो. पहिल्या गावचा प्रयोग आटोपला की सगळे भाग गोळा होतात, मोजले जातात, खोक्यात भरले जातात आणि पुढच्या गावच्या ग्रंथपालाकडे रवाना होतात. तिथे तालमीच्या पहिल्या सकाळी व्हायोलिनचा वादक आपली प्रत उघडतो. तिच्यावर आधीच्या कोणाच्या तरी हाताच्या पेन्सिलखुणा असतात: इथे गज वर, इथे श्वासभर थांब, इथे पियानोकडे बघ. सगळ्या खोडलेल्या नसतात. तो त्यातल्या काही पुसतो, काही तशाच ठेवतो, कानामागची पेन्सिल काढून एक-दोन आपल्या घालतो. संचालक हात उचलतो, आणि पियानोवर तो अवरोह सुरू होतो.